थोरल्याची फांदी

आमच्या घरात जानवं होतं ते फक्त एका झाडाला. आम्ही लिंगायत तेली. घरातल्या लहानथोर सगळ्यांच्या गळ्यात लिंग, आणि मुंज म्हणजे काय ते आम्ही जोशांच्या दारातल्या मांडवाला टेकून लांबून पाहिलेलं. तरीही परसात, घाण्याच्या छपराला लागून जो पिंपळ होता त्याची रीतसर मुंज झालेली होती. माझ्या पाठची अव्वाची, म्हणजे माझ्या आईची, दोन मुलं, दोन्ही मुलगे, बारशाआधीच गेली. तेव्हा शेजारच्या जोशीणकाकूंनी तिला उपाय सांगितला: पिंपळाला मुलगा मानायचं, त्याची मुंज लावायची, मग हा थोरला पाठच्याला राखतो. अप्पा सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसले होते. पूजा आटोपल्यावर म्हणाले, "आपल्यात कुनाची मुंज झाली न्हाई आन झाडाची लावायची व्हय?" अव्वा नुसती चुलीपुढं बसून राहिली. दुपारी अप्पाच टोपी घालून भटजींना बोलवायला गेले. मुंज लागली, झाडाच्या बुंध्याला जानवं गुंडाळलं, अव्वानं परातभर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली. भटजींनी कोरडा शिधा उपरण्यात बांधून घरी नेला, कारण आमच्याकडचं शिजवलेलं त्यांना चालत नव्हतं, आणि ती हुग्गी सगळ्या गल्लीनं दोन दिवस खाल्ली.

त्या दिवसापासून अव्वा त्या झाडाला 'थोरला' म्हणू लागली. मी त्याच्याआधी या घरात आले, माझे दात पडून नवे आले तेव्हा कुठं त्याची मुंज झाली, आणि थोरला तो! भाकरीचा पहिला तुकडा थोरल्याला, शनिवारचा दिवा थोरल्याला, येळवशीची, म्हणजे वेळा अमावस्येची, भज्जी आणि आंबील शेतात न्यायच्या आधी एक वाटी थोरल्याच्या पारावर. बाहेरून कोणी शेळी सोडली की अव्वा हातातलं काम टाकून धावायची, आणि मी दाराच्या पायरीवर ठेच लागून पडले तर आतून म्हणायची, "ऊठ की गं, काय झालं तुला." मला म्हणायची, "नीले, त्याला अण्णा म्हन. भाऊ हाय तुजा." मी काही केल्या म्हणत नव्हते. झाडाला कोणी अण्णा म्हणतं का? अव्वाचा हात उगारलेला दिसला की मी तोंड मिटून घ्यायची, आणि ती हात खाली घ्यायची. तिनं मला कधी मारलं नाही हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आमचं घर आवाजावर चालायचं. पहाटे अप्पा बैल जुंपायचे, मग घाण्याची लाट, म्हणजे बैल ओढतो ते लाकूड, कुरकुरू लागायची आणि ती कुरकुर दिवसभर भिंतीतून, भांड्यांतून, आमच्या दातांतून फिरायची. करडईचं तेल निघताना एक उबदार, किंचित कडवट वास यायचा. तो माझ्या केसांना, वहीला, अव्वाच्या पदराला असायचा. बैलाच्या डोळ्यांना ढापणं बांधलेली, तो बिचारा समजायचा आपण कुठंतरी लांब चाललोय. घरात एकमेकांशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे, त्यामुळं माझा आवाज जन्मापासून चढा. दुपारी बैल सोडला की घाणा थांबायचा आणि घर एकदम बहिरं व्हायचं. त्या तासाभरात अप्पा पेंडीच्या ढिगाला टेकून डोळे मिटायचे, आणि अव्वा शेंगाच्या चटणीसाठी दाणे भाजता भाजता आपल्याशीच कानडीत काहीतरी पुटपुटायची. आमच्याकडं मोठ्या माणसांचं दुःख कानडीत असायचं, भांडण मराठीत, आणि सरकारचं काही असलं की उर्दूत.

सरकार मात्र बदललं होतं. निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली होती. बाजारात जुन्या चारमिनारच्या नाण्यांबरोबर सिंहांची नवी नाणी आली, झेंड्यावर चाक आलं. लोक नाणं उलटंपालटं करून विचारायचे, हा सिंहवाला राजा कोण? शाळेतले उर्दूचे मौलवीसाहेब कुठं गेले कोणी सांगत नव्हतं. त्यांच्या जागी उदगीरकडचे एक मास्तर आले. उंच, हडकुळे, धोतराचा सोगा सदा हातात. आम्ही शाळेत मुली चारच. आमच्या त्या उमरग्याच्या वाटेवरच्या गावाला अशोक पहिल्यांदा कळला तो या मास्तरांच्या तोंडून. ते म्हणाले, हे सिंह त्याचे, ते चाक त्याचं. त्यानं कलिंगात एवढी माणसं मारली की जिंकल्यावर त्याला जेवण जाईना. मग त्यानं तलवार ठेवली आणि बुद्धाची शिकवण लोकांना कळेल अशा साध्या बोलीत दगडांवर कोरून देशभर धाडली, अगदी आपल्या खालच्या अंगाला मस्कीपर्यंत. आणि समुद्रापलीकडं लंकेत कुणाला धाडलं? सरदाराला नाही, दिवाणाला नाही, स्वतःच्या मुलाला आणि मुलीला. मुलीला धाडलं हे ऐकून आम्ही चौघी एकमेकींकडं बघायला लागलो. आमच्या गावातली मुलगी तोवर एकटी कल्याणीच्या बाजारालाही गेली नव्हती.

(आता हे लिहिताना आठवतं, खूप वर्षांनी आमच्याच भागात भीमेकाठी सन्नतीला देवळाचं छत पडलं, आणि देवीच्या बैठकीचा दगड उलटून बघितला तर त्यावर याच राजाची अक्षरं. मधोमध चौकोनी भोक पाडून त्यात देवी बसवलेली. मास्तर तेव्हा असते तर सोगा सावरत सन्नतीला पळाले असते. मी पेपरातला तो फोटो कापून ठेवला, आणि मला राजापेक्षा त्या भोकाचंच जास्त वाटलं. ज्याला आपण नुसता दगड समजतो, नुसतं झाड समजतो, त्याला आपण किती सहज भोक पाडतो.)

शाळेच्या संमेलनात मास्तरांनी अशोकाचं नाटक बसवलं. पाटलाचा मल्लू अशोक, आणि मी त्याची मुलगी संघमित्रा, कारण माझा आवाज मारुतीच्या देवळापर्यंत जायचा. संघमित्रा बोधिवृक्षाची, म्हणजे बुद्धाला ज्या पिंपळाखाली ज्ञान झालं त्या झाडाची, फांदी घेऊन लंकेला जाते असा शेवटचा प्रवेश होता. मास्तरांनी त्या फांदीची गोष्ट सांगितली. राजाला त्या झाडाला लोखंड लावायचं नव्हतं. म्हणून त्यानं फांदीवर नुसती तांबडी रेघ ओढली, हात जोडले, आणि फांदी आपोआप सुटून सोन्याच्या घागरीत येऊन बसली. मग ती घागर जहाजावर ठेवायला राजा गळ्याइतक्या पाण्यात उतरला. सामान ज्यानं त्यानं घरून आणायचं होतं. मल्लूचा मुकुट पाटलीणबाई करणार होत्या. फांदीचं निघालं तेव्हा मास्तर सहज म्हणाले, "फांदी नीलाच्या दारातच आहे की." मी मान हलवली. घरी येताना मात्र मी वाटेत दोनदा थांबले. अव्वा थोरल्याचं वाळलेलं पानसुद्धा झाडूनं लोटत नव्हती, हातानं वेचायची. आणि अव्वाला तेव्हा दिवस गेले होते, सहावा सरत होता.

गावात दुसरा पिंपळ नव्हता असं नाही. मारुतीपुढं होता. पण त्यावर मुंजा आहे असं म्हणत, म्हणून तिथं कोणी हात लावत नसे. मी स्वतःला हेच कारण देत राहिले. खरं कारण आज सांगते: मला थोरल्याचीच फांदी हवी होती. मला ती त्याच्याकडून घ्यायची होती. पण माझा मास्तरांच्या गोष्टीवरही विश्वास होता. लोखंड लावायचं नाही, तर अव्वाला दुखणार नाही, झाडालाही नाही. दुपारी घाणा थांबला, अप्पा पेंडीला टेकले, तशी मी अव्वाच्या करंड्यातलं कुंकू घेतलं आणि छपराच्या मागच्या अंगाला, जिथं घरातून दिसत नाही, तिथं पारावर चढून हाताला येईल अशा एका फांदीवर तेलात कालवून रेघ ओढली. हात जोडले. डोळे मिटले. उघडले. फांदी तिथंच. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ओढली, जरा जाड. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, मी राजा नाही म्हणून होत नसेल, तेव्हा मी खेळातल्यासारखं "मी सम्राट अशोक" असं हळूच म्हणून रेघ ओढली. एक मुंगळा ती रेघ ओलांडून निघून गेला, बाकी काही झालं नाही. उद्या संध्याकाळी तर नाटक होतं.

चौथ्या दुपारी मी विळा घेतला. कुंकवाच्या रेघेवरच धरला आणि दोन-तीन घाव घातले. आतून पांढरा चीक आला, दुधासारखा, माझ्या मनगटावरून परकरावर ओघळला. मी घाबरले आणि तरीही थांबले नाही. फांदी मोडताना कडकन आवाज झाला आणि त्या क्षणी मला आनंद झाला, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. फांदी पोत्यात गुंडाळून मी शाळेत नेऊन ठेवली.

नाटकाला सगळं गाव आलं. अव्वा तेवढी नाही, पोटुशी बाई गर्दीत कशाला म्हणून. कलिंगाच्या प्रवेशात मल्लू पडलेल्या मुलांमधून हिंडत "काय केलं मी हे" म्हणाला, आणि समोर खोकणारेही गप्प झाले. रझाकारांच्या दिवसांत आम्ही आठ दिवस जोंधळ्याच्या शेतात लपून काढले होते, आणि पुढं पोलीस अॅक्शन झालं तेव्हा दुसऱ्या बाजूची घरं ओस पडली होती. प्रत्येकाच्या मनात आपापलं काहीतरी असणार. पुढं बायकांत हुसेनबी बसली होती. ती आमच्या गावाची सुईण, मला आणि माझ्या गेलेल्या भावांना तिनंच या जगात आणलेलं. तिचा मुलगा त्या अॅक्शनच्या आठवड्यात बाजाराला गेला तो परत आला नव्हता. ती शेजारणीला म्हणाली, पण त्या शांततेत ते मला पडद्याआड ऐकू आलं, "राजा रोया सो अच्छाच किया. लेकिन गए सो लोगां आए क्या?"

शेवटच्या प्रवेशात दोघा मुलांनी निळं लुगडं ताणून धरलं होतं, तो समुद्र. मल्लू त्यात गळ्यापर्यंत उभा. पितळी घागरीत चिखल भरून थोरल्याची फांदी रोवलेली, ती घागर छातीशी धरून मी उभी. मल्लूला मोठं भाषण होतं, धर्म दाही दिशांना जावो वगैरे. तो ते साफ विसरला. माझ्याकडं बघत राहिला आणि घाबरून, सासरी निघालेल्या लेकीला पत्र धाडायला सांगतात तसं, म्हणाला, "पोचल्यावर खत धाड गं." सगळं गाव हसलं. मास्तरांनी कपाळावर हात मारला. मी लुगड्याच्या पलीकडं बघितलं तर अप्पा टोपीनं डोळे पुसत होते. पण त्यांची नजर नंतर घागरीवर गेली आणि फांदीवर थांबली. घरी जाताना ते भराभर पुढं चालत राहिले. दारात अव्वानं विचारलं, "फांदी कुठली गं आनलीस?" मी म्हणाले, "मारुतीम्होरच्या पिंपळाची." "मुंजाच्या झाडाची?" असं म्हणून तिनं मला तिथंच अंगणात कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. खसाखसा पाठ चोळत होती, आणि मला वाटत होतं हिच्या हाताला आता कळेल.

त्यानंतरचे दिवस मला अजून नीट आठवतात, कारण ते मी मोजून काढले. आठवडाभरानं मास्तरांनी वर्गात उरलेली गोष्ट सांगितली. त्याच राजाची एक तरुण राणी होती. राजा त्या झाडावर आपल्यापेक्षा जास्त माया करतो म्हणून तिला असूया आली, आणि तिनं झाडाला विषारी काटा टोचला. झाड वाळत गेलं. इतके दिवस मी स्वतःला संघमित्रा समजत होते. मी ती राणी होते. आणि त्याच संध्याकाळी परसात थोरल्याची पिवळी पानं पडलेली दिसली. दुसऱ्या दिवशी आणखी. मग रोजच. अव्वा वाकता येत नसताना एका हातानं कंबर धरून एकेक वेचायची.

पिंपळ दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळतो. हे अप्पांना ठाऊक होतं, जोशीणकाकूंना, गावच्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. मी एका शब्दानं विचारलं असतं तर माझी सुटका झाली असती. पण विचारायला तोंड उघडलं की पुढचं सगळं बाहेर आलं असतं, म्हणून मी ते उघडलंच नाही. मी परसातून जायचं सोडलं. गल्लीतून वळसा घालून पुढच्या दारानं ये-जा करू लागले. घाण्यावर अप्पांना भाकरी न्यायची झाली तर मान खाली. अव्वा जिन्यापाशी थांबून दम घेऊ लागली की मला वाटे, हे माझ्यामुळं. तिचे पाय सुजले, ते माझ्यामुळं. एका रात्री पोटातलं फिरायचं थांबलंय असं ती जोशीणकाकूंना म्हणाली, आणि मी पांघरुणात "फिरू दे, फिरू दे" म्हणत पडले. पहाटे घाण्याबरोबर ते पुन्हा फिरू लागलं. अप्पांनी एकदा विचारलं, "जेवायलीस कामून न्हाई गं?" मी म्हणाले, भूक न्हाई. पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी माझ्या फार आवडीची, तीसुद्धा ताटात तशीच राहायची. हुसेनबीचं वाक्य तर डोक्यात घर करून बसलं होतं. मी रडले, मी माफी मागितली, तरी तोडलेली फांदी परत लागत नाही, आणि उद्या पोटातलं गेलं तर माझ्या रडण्यानं ते येणार आहे का?

नाटक झाल्यावर ती फांदी मास्तरांनी शाळेच्या विहिरीपाशी चिखलात खोचून ठेवली होती. मी तिच्याकडं बघायचंही टाळलं. पण ती जगली. घरचा पिंपळ पुढं रस्ता रुंद करताना गेला, तो मी सासरी असताना. शाळेतला आजही आहे. मधल्या वर्षांत गावकुसाबाहेरच्या वस्तीनं बुद्धाचा धर्म घेतला, तेव्हा तिथल्या पोरांनी शाळेच्या पिंपळाची फांदी नेऊन आपल्या विहारापुढं लावली. मी त्या वेळी माहेरी आले होते. त्यातला एकजण मला म्हणाला, "अक्का, अशोकानं धाडलीच की ही." मी हसले, पण पदर डोळ्यांना लावावा लागला. बुद्धगयेचं मूळ झाडही मेलं म्हणतात, आणि लंकेतलं राहिलं. पण हे सगळं नंतरचं. त्या उन्हाळ्यात मला फक्त एवढंच दिसत होतं की थोरला उघडा पडत चाललाय.

शेवटचं पान पडलं त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सकाळी अव्वाला कळा सुरू झाल्या. अप्पांनी बैल सोडला आणि घाणा भर सकाळी थांबला. तो आवाज असा अवेळी थांबलेला मी त्याआधी दोनदाच ऐकला होता. हुसेनबी आली, जोशीणकाकू दाराबाहेर पाट टाकून बसल्या, मला पाणी तापवायला सांगितलं. आतून अव्वाचा आवाज येत होता, कानडीत. पाणी उकळलं, नेऊन दिलं, पुन्हा उकळलं. सूर्य डोक्यावर आला. हुसेनबी बाहेर येऊन जोशीणकाकूंच्या कानाशी काहीतरी बोलली, आणि काकूंनी देवाचं नाव घेतलं. तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. मी परसात धावले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा थोरल्यापाशी गेले. पाया पडायचं, नाक घासायचं, काय हवं ते कर पण मला कर, असं म्हणायचं ठरवून पारावर चढले आणि छपराच्या मागच्या अंगाला गेले, जिथं मी विळा चालवला होता.

तिथं एक चिंधी बांधलेली होती. फांदीच्या उरलेल्या खुंटावर शेण आणि हळद लिंपलेली, वाळून तडकलेली, आणि त्यावर घट्ट तीन वेढे दिलेली चिंधी. आपण बोट कापलं की बांधतो तशी. चिंधी अव्वाच्या हिरव्या इरकल लुगड्याच्या काठाची होती. पारावर चढायला तिला किती त्रास झाला असेल हे मला कळलं, आणि हेही कळलं की तिला सगळं ठाऊक होतं. मी तिथंच बसले. पाया पडायचं राहूनच गेलं.

किती वेळ गेला कळलं नाही. मग आतून एक बारीक, चिडका आवाज आला, घाण्याला नीट वंगण नसलं की येतो तसा. हुसेनबीनं दार उघडून मला हाक मारली. "रो मत बेटी. छोरी हुई. अच्छी है, तुम्हारे सरिकाच चिल्लाती." जोशीणकाकूंचा चेहरा पडला, "मुलगीच का," असं त्या पुटपुटल्या. अप्पांनी ओसरीवरूनच विचारलं, "जित्ती हाय न्हवं?" आणि हुसेनबीनं होकार दिल्यावर ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

आत शेपा-ओव्याचा धूर होता. अव्वा पांढरीफटक पडली होती, केस कपाळाला चिकटलेले. कुशीत तांबडंलाल गाठोडं. तिनं मला जवळ बसवलं. मी म्हणाले, "अव्वा, ती फांदी मी..."

"ठावं हाय."

"कवापासनं?"

"परकर तू धुतीस का मी?" ती म्हणाली. "चिकाचा डाग निघतो व्हय पान्यानं? आन करंड्यातलं कुक्कू काय मुंगळ्यानं खाल्लं?"

"मग बोलली कामून न्हाईस?"

तिनं बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. मग हळू आवाजात, घाणा बंद असल्यामुळं न ओरडता, म्हणाली, "दोन गेल्ती माजी. ही बी गेली असती तर? जोशीन म्हनली असती, गल्ली म्हनली असती, पोरीनं झाड तोडलं म्हून गेली. जलमभर तुज्या माथी बसलं असतं. मी तोंडच उघडलं न्हाई, तर कुनाला कळनार कुनी तोडली ते? झाड काय सांगत न्हाई."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मला वाटत होतं त्या घरात मी एकटीच जीव मुठीत धरून हिंडतेय. ती माझ्याच शेजारी, त्याच भीतीत, रोज पानं वेचत होती, आणि बाळाबरोबर मलाही राखत होती. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "जा. थोरल्याला सांगून ये."

मी परसात गेले. ऊन कलतं झालं होतं. झाडावर एकही पान नव्हतं. पानं आली ती पुढं आठेक दिवसांनी, दर वर्षी येतात तशी, तांबूस, बाळाच्या तळव्यासारखी. बुंध्याला जुनं जानवं काळं पडून चिकटलं होतं. मी पारावर चढले, चिंधीवर तळहात ठेवला. माझा तो गावभर जाणारा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"अण्णा," मी म्हणाले, "आपल्याला भैन झाली."